किडनी बसली, श्वासाचं काय?

वटपौर्णिमा जवळ आली की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. मथळा ठरलेला, 'आजची सावित्री'. नवऱ्याला स्वतःची किडनी देणारी एखादी बाई, शेजारी तोंडाला मास्क लावलेला नवरा, मागे डॉक्टर मंडळी आणि हातात पुष्पगुच्छ. वाचून आपलेही डोळे पाणावतात. पाणावायलाच हवेत. स्वतःच्या पोटातला अवयव काढून देणं म्हणजे काही देवळात शिधा देणं नव्हे.

पण मैत्रिणींनो, माझी तक्रार वेगळीच आहे. ही बातमी ऑपरेशन झालं की संपते. घरी आल्यावर पुढची दहा-पंधरा वर्षं ती किडनी सांभाळायची कुणी आणि कशापासून, हे त्या बातमीत कधीच नसतं. पिंपरी-चिंचवडमध्ये मंडळाच्या कामानिमित्त मी अशा घरांतून जाते. योजनेचे फॉर्म भरून दे, दवाखान्यात सोबत जा, असलं आमचं काम. मी काही डॉक्टर नाही, मराठी घेऊन बी. ए. झालेली गृहिणी आहे. तरी इतकी घरं पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते. किडनी बदललेल्या माणसाच्या घरी सगळ्यांचं लक्ष लघवीकडे असतं. किती पाणी प्यायला, किती लघवी झाली, याची वही असते. क्रिएटिनिनचा आकडा तर सासूबाईंनासुद्धा पाठ असतो. खोकल्याची वही मात्र मी एकाही घरी पाहिली नाही. आणि घात होतो तो पुष्कळदा छातीतूनच.

"अहो, किडनी बदललीय, फुफ्फुसाचा काय संबंध?" असं मला एका चांगल्या शिकलेल्या बाईनं विचारलं होतं. संबंध असा. आपल्या शरीरात परकं काही शिरलं की आतले रखवालदार त्याच्यावर तुटून पडतात. बाहेरून आणून बसवलेली किडनी त्यांच्या लेखी परकीच, मग ती बायकोनं कितीही मायेनं दिलेली असो. म्हणून या रखवालदारांना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन ही नावं अशा घरातल्या पोरांच्याही तोंडी बसतात. नवी किडनी चालू आहे तोवर या गोळ्या सुटत नाहीत. आता रखवालदारच पेंगले की चोरांचं फावतं. अन्न आपण शिजवून खातो, पाणी उकळून पितो. हवा कशी उकळणार? ती जशी असेल तशी छातीत जाते, दिवसरात्र.

हे अगदी पहिल्यापासून असंच आहे. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं, जगात पहिल्यांदा. लुई वॉश्कान्स्की नावाचा किराणा दुकानदार होता, त्याच्या छातीत अपघातात गेलेल्या पंचवीस वर्षांच्या एका मुलीचं हृदय. सगळं जग डोळे लावून बसलं होतं. अठराव्या दिवशी तो गेला. नवं हृदय तर छान चाललं होतं. तो गेला न्यूमोनियानं. शरीरानं हृदय नाकारू नये म्हणून जी औषधं दिली, त्यांनीच छातीतल्या जंतूंना मोकळं रान करून दिलं.

तेव्हापासून आजवर औषधं किती सुधारली! आपल्याकडे १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. पुण्यात अवयवांच्या वाटपासाठी झेडटीसीसी हे केंद्र आहे. आमच्या पिंपरीतल्या डी. वाय. पाटील रुग्णालयात तर फुफ्फुससुद्धा बदलतात. तिथे तर आणखी कठीण, कारण नवीन बसवलेला अवयवच थेट बाहेरच्या हवेला लागलेला असतो. एवढं सगळं झालं, तरी छातीचं भय गेलेलं नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, १ जून २०२० ला, संगीतकार वाजिद खान मुंबईत गेले. वय अवघं बेचाळीस. त्यांची किडनी बदललेली होती आणि त्यांना कोविडची लागण झाली होती. ती किडनी दिली होती त्यांच्या भावजयीनं, हे नंतर त्यांच्या भावानंच टीव्हीवरच्या कार्यक्रमात सांगितलं. बघा, इथंही देणारी बाईच.

आता या चोरांची थोडी ओळख करून देते, कारण ओळख नसली की आपण त्यांना पाहुणे समजून आत घेतो. पहिला महिनाभर धोका असतो तो बहुधा दवाखान्यातल्याच जंतूंचा. पहिल्या महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. एरवी तुम्हाआम्हाला काही न करणारे जंतू आणि बुरशा या काळात डाव साधतात. न्यूमोसिस्टिस नावाची एक बुरशी आहे, तिच्यामुळे होणारा न्यूमोनिया सुरुवातीला एक्स-रेतसुद्धा नीट दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागतो. तो होऊ नये म्हणून डॉक्टर कोट्रायमोक्झाझोलची गोळी सहा महिने, कधी वर्षभर देतात. गोळी स्वस्त, जुनी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. म्हणूनच तिची कुणाला किंमत नाही. "इतक्या महागाच्या गोळ्या चालू आहेत, ही कशाला अजून?" असं म्हणून घरच्यांनी ती परस्पर बंद केल्याचं मी दोन ठिकाणी ऐकलं. बायांनो, महिन्याचं बजेट बसवायचं तर दुसरीकडे बसवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी थांबवायची नाही.

आणि सहा महिन्यांनंतर सुटलो असंही नाही. फ्लू आहे, साधा न्यूमोनिया आहे, आणि आपल्या देशातला जुना वैरी, टीबी. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी साधारण एक भारतात आहे. टीबीचे जंतू आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगात वर्षानुवर्षं झोपून असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. रखवालदार गुंगीत गेले की ते उठून बसतात. किडनी बदललेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो.

यात फसवं काय असतं, तर ताप. आपण बायका कपाळाला हात लावून घरातल्यांचं आजारपण ओळखतो. इथं तो हात दगा देतो. स्टेरॉइडच्या गोळ्या ताप दाबून ठेवतात. आत न्यूमोनिया वाढत असतो आणि अंग गारच. मग ओळखायचं कशावरून? काल दोन जिने चढणारा माणूस आज एकाच जिन्यात थांबतोय, बोलताना वाक्य तोडतोय, भूक गेलीय, कोरडा खोकला थांबत नाही. एवढं पुरे. त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करायचा. गल्लीतल्या दवाखान्यात नाही आणि मेडिकलवाल्याकडे तर नाहीच. मेडिकलवाल्यानं सहज दिलेल्या काही अँटिबायोटिक गोळ्यांनी रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण एकदम वाढतं आणि किडनीलाच इजा होते. औषधच कशाला, पपनसासारख्या फळानंही ते प्रमाण वर जाऊ शकतं. गौरी-गणपतीत फळांच्या ताटात पपनस असतंच आपल्याकडे, प्रसाद म्हणून फोड हातावर ठेवली जाते. नाही म्हणायला शिका.

आमच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. भोसरी, तळवडे, चिखली, पुढे मोशी, कुरुळी, चाकण, निघोजे, म्हाळुंगे. इथं नोकरी आहे म्हणून लातूर-बीडपासून जळगावपर्यंतची माणसं आली, राहिली, पोरं शिकवली. या कारखान्यांनी आमची घरं चालवली, हे मी विसरत नाही. पण हवा बघा. चाकण-तळेगाव रस्त्यावर दुचाकीवरून एकदा जाऊन या आणि पांढरा रुमाल नाकाला लावून बघा. कुठे ना कुठे खोदकाम चालूच. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि पत्राशेड पाडली, तेव्हा त्या भागात धुळीचे लोट होते. त्याआधी तिथंच भंगाराला आगी लागून धूर व्हायचा. पाडापाडीच्या धुळीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि कुंडीतल्या मातीत अॅस्परजिलस नावाची बुरशी असते. आपल्याला फार तर शिंक येते. औषधांनी रखवालदार निजवलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ती मूळ धरते.

शिवाय सोसायट्यांमधली कबुतरं. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला ते आपण पाहिलं. भूतदया मलाही आहे. पण ज्या बाल्कनीखाली प्रत्यारोपण झालेला माणूस राहतो, त्या बाल्कनीत धान्य टाकणं ही भूतदया नव्हे. कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेतून उडणारी बुरशी फुफ्फुसात आणि तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकते.

एका घरची हकिकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवरा चाकणकडे एका कारखान्यात ग्राइंडिंगवर. किडनी बायकोनं दिली. ऑपरेशन चांगलं झालं. चार महिन्यांनी तो परत कामावर गेला, त्याच मशिनवर. "हलकं काम मागा ना," असं तिनं सुचवलं, तर म्हणाला, "मागितलं तर कामावरूनच काढतील." कंत्राटी माणूस, बोलणार काय? सातव्या-आठव्या महिन्यात खोकला सुरू झाला. सासूबाईंनी आल्याचा रस दिला, हळदीचं दूध दिलं. मेडिकलमधून सिरप आणलं. तीन आठवडे असेच गेले. वजन उतरलं, तेव्हा म्हणे डबा जात नाही म्हणून. शेवटी तपासलं तर टीबी.

आणि मग त्या घरात जे झालं ते टीबीपेक्षा वाईट होतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला टीबी न्हाई. हे हिच्याच अंगातून आलं असंल." म्हणजे जिनं किडनी दिली तिच्याच माथी. ऑपरेशनच्या आधी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सगळ्या तपासण्या होतात, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. ऐकायला तयार नाहीत. बरं, शेजारी कळू नये म्हणून टीबीची औषधं लांबच्या केंद्रातून आणायला सुरुवात केली आणि तिथं किडनी बदललीय हे सांगितलंच नाही. किडनीच्या डॉक्टरांना टीबीचं सांगितलं नाही. दोन्हीकडे लाज. टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध यकृतातून टॅक्रोलिमसचा भराभर फडशा पाडतं. गोळी वेळच्या वेळी पोटात जाते, पण रक्तात तिचा अंमल उरत नाही. रखवालदार जागे होतात आणि किडनीवरच धावून जातात. क्रिएटिनिन चढू लागलं तेव्हा ती बाई घाबरून माझ्याकडे आली. "ताई, गोळी एक बी चुकवली न्हाई हो. मग का वाढतंय?"

दोन्हीकडची कागदं एका पिशवीत घातली आणि तिला घेऊन तडक गेले. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्यांत बदल केला, टॅक्रोलिमसचा डोस वाढवला, दर काही दिवसांनी रक्त तपासलं. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. टीबीचा कोर्स लांबला. या सगळ्यात त्या बाईची स्वतःची तपासणी, एका किडनीवर जगणाऱ्या बाईची, वर्षभर झालीच नव्हती. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिच्याही नाही.

टीबीची लाज कसली, हे मला खरंच कळत नाही. सरकारी केंद्रात तपासणी फुकट, औषध फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये. लपवून मिळवायचं काय? लग्नाच्या पोरी आहेत घरात, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण पोरींचा बाप गेल्यावर त्यांची लग्नं सोपी होतात का?

दुसरं एक घर आहे, ते मला जास्त टोचतं. तिथं किडनी बाईला बसवली होती, तिच्या आईची. असं कमीच दिसतं. १९९५ ते २०२१ या काळात देशात जी ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यातली २९ हजारांहून जास्त पुरुषांसाठी होती, बायकांसाठी ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत पाचातल्या चार बायका. द्यायला आम्ही पुढे, घ्यायला मागे. तर ही त्या सहा-सात हजारांतल्यासारखी भाग्यवान. मी तिसऱ्या महिन्यात भेटायला गेले, तर दारात उभी राहून झाडू मारत होती. माळ्यावरचे डबे खाली काढलेले, दिवाळी तोंडावर, धूळ नुसती उडत होती. मास्क गळ्यात. म्हटलं, "अगं, हे काय?" तर हसून म्हणाली, "किती दिवस बसून खायचं काकू? सगळे काय म्हणतील?" नवरा आत पेपर वाचत होता. वाईट माणूस नाही तो. दवाखान्याचा खर्च त्यानं कर्ज काढून केलाय. पण झाडू आपण घ्यावा हे त्याच्या डोक्यातच आलेलं नाही.

नवऱ्याचं ऑपरेशन झालं की बायको खोली धुते, पडदे बदलते, पाहुणे थोपवते, मास्क शिवतेसुद्धा. बायकोचं झालं की तिची खोली ती स्वतःच झाडते. माझ्या मते प्रत्यारोपणानंतर फुफ्फुस बिघडण्याचं हेही एक कारण आहे, कुठल्याही रिपोर्टात न येणारं. म्हणून ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात जी समजूत घालण्याची बैठक होते, तिथं घरच्या पुरुषाला समोर बसवून सांगायला हवं: पहिले सहा महिने तरी झाडणं, जाळी काढणं, कुंड्यांची माती उकरणं, गाद्या-गोधड्या झटकणं हे पेशंटनं करायचं नाही, पेशंट बाई असली तरी.

आणि भेटायला जाण्याची आपली रीत! आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर माणुसकी नाही, असं आपण मानतो. नारळपाणी, सफरचंदं, सोबत शिंकणारं पोर घेऊन दहा माणसं एका खोलीत. पेशंटनं मास्क लावला तर "आमच्यापासून कसली भीती?" म्हणून रुसवा. कोविडमध्ये सगळ्यांनी मास्क लावले, तेव्हा कुणाचा अपमान झाला नाही. आता मात्र मास्क लावलेल्या माणसाकडे लोक असे बघतात की त्यालाच चोरासारखं वाटावं. सर्दी असेल तर फोनवर बोला. डबा दारात ठेवून या. घरात धूप, मच्छर अगरबत्ती नको. घरातल्या विडी-सिगारेटवाल्यानं बाहेर जावं, आणि खरं तर सोडावीच.

कारखानदारांकडे माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्यारोपण होऊन आलेल्या कामगाराला धुळीच्या, रंगाच्या, बफिंगच्या मशिनवर पुन्हा उभं करू नका. स्टोअरमध्ये, गेटवर, मोजमापाच्या टेबलावर त्याला बसवता येतं. कंत्राटी असला तरी. त्याच्या पोटात कुणाच्या तरी आईची किंवा बायकोची किडनी आहे, तिची किंमत तुमच्या एका पाळीच्या उत्पादनापेक्षा जास्त आहे.

लसीचंही विचारून ठेवा. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस प्रत्यारोपण झालेल्यांना देतात, घरातल्यांनीही फ्लूचं घेतलेलं बरं. पण जिवंत जंतूंच्या लसी त्यांना चालत नाहीत, म्हणून कुठलीही लस किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच.

गेल्या संक्रांतीला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात वाण काय द्यायचं यावर नेहमीसारखी चर्चा झाली. प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, पर्स. मी थर्मामीटर सुचवले. "हे काय वाण आहे का, दवाखान्यासारखं?" म्हणून दोघी-तिघींनी नाकं मुरडली. शेवटी सर्वांना थर्मामीटर आणि ज्या पाच घरांत प्रत्यारोपण झालंय त्यांना वर्गणी काढून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असं ठरलं. ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली दिसला की थांबायचं नाही, हे प्रत्येकीला बोट धरून दाखवलं. ग्राइंडिंगवाल्याची बायको आली होती. तिनं आधी स्वतःच्या बोटाला लावून बघितलं, आकडा अठ्ठ्याण्णव आला. मग विचारलं, "ताई, ह्याचे सेल संपले तर कुठले आणायचे?"

म्हटलं, रिमोटला घालतेस ना, तेच बारीकवाले.